फ्लशची टाकी भरताना घर घुमतंय? प्लंबरला फोन करण्याआधी मोबाईल काढा

रात्रीचे अडीच. घरात सगळे गाढ झोपलेत. कोणीतरी टॉयलेटला जातं, फ्लश करतं, आणि मिनिटाभराने भिंतीतून आवाज सुरू होतो... घूंऽऽऽ. जणू शेजारच्या खोलीत कोणी मिक्सर लावलाय. टाकी भरेपर्यंत तो चढत जातो आणि शेवटी एकदम बंद.

आमच्या घरी दोन आठवडे हेच चाललं होतं. घरात आम्ही सात जण. सगळ्यात मोठे आजोबा, वय ७९. सगळ्यात लहान दादाचं बाळ, वय पाच महिने. टॉयलेटची भिंत आणि बाळाची खोली एकच. पहिले दोन-तीन दिवस आवाजाने बाळ उठायचं, मग वहिनी उठायची, मग अख्खं घर. नंतर रात्रीचा आवाज बंद झाला. आम्हाला वाटलं, आपोआप नीट झालं असेल.

नीट काहीच झालं नव्हतं. आजोबा रात्री फ्लश करतच नव्हते, गुपचूप मगाने पाणी ओतत होते. आणि उठायलाच लागू नये म्हणून त्यांनी संध्याकाळी सहानंतर पाणी पिणंच बंद केलं होतं. तेही एप्रिलमध्ये. आईला ते कळलं तेव्हा तिने विचारलं, तर म्हणाले, "अगं, बाळ उठतं ना. मला काय, सकाळी पिईन."

त्या दिवशी मी लॅपटॉप बंद केला आणि टाकीचं झाकण काढलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, प्लंबर नाही. पण बग शोधायची पद्धत सगळीकडे सारखीच असते. ती इथे कशी वापरायची आणि तुमच्या घरातला असा आवाज कसा घालवायचा, तेच आज बघूया.

आधी समजून घ्या: टाकीत नक्की काय होतं?

कमोडच्या मागच्या टाकीत दोन मुख्य भाग असतात. पहिला फ्लश व्हॉल्व्ह. बटण दाबलं की तो उचलला जातो आणि टाकीतलं पाणी खाली सोडतो. दुसरा फिल व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी पुन्हा भरणारा. हार्डवेअरच्या दुकानात याला बरेचदा सरळ 'बॉल कॉक' म्हणतात. त्याला एक फ्लोट जोडलेला असतो, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा किंवा प्लास्टिकचा डबा.

पाणी खाली गेलं की फ्लोट खाली येतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. पाणी चढतं तसा फ्लोट वर जातो, व्हॉल्व्ह मिटत जातो आणि शेवटी बंद होतो. वीज नाही, सेन्सर नाही, तरी हा पक्का फीडबॅक लूप आहे.

टाकीच्या बाहेर, भिंतीजवळ एक छोटा नळ असतो, तो अँगल कॉक. तिथून टाकीपर्यंत जाणारी लवचिक नळी म्हणजे कनेक्शन पाइप. हे चार शब्द लक्षात ठेवा: फिल व्हॉल्व्ह, फ्लोट, अँगल कॉक, कनेक्शन पाइप. पुढचं सगळं यांच्यावरच आहे.

मग आवाज का येतो?

फिल व्हॉल्व्हच्या आत रबरी वॉशर असतो. टाकी भरत आली की वॉशर आणि त्याच्या बैठकीमध्ये अगदी बारीक फट उरते. त्या फटीतून पाणी जोरात पळतं. पाण्याचा वेग वाढला की तिथला दाब कमी होतो, आणि वॉशर बैठकीकडे ओढला जातो. फट मिटते, पाणी अडतं, मागून दाब वाढतो, वॉशर पुन्हा उचलला जातो. उघड, मिट, उघड, मिट. हे सेकंदाला शेकडो वेळा होऊ लागलं की आपल्याला 'घूंऽऽ' ऐकू येतं.

नवा, लवचिक वॉशर ही थरथर सहसा जिरवतो. जुना, कडक झालेला किंवा कचरा अडकलेला वॉशर फडफडत राहतो.

पण एवढ्याशा रबराचा आवाज घरभर कसा? तंबोऱ्याची नुसती तार छेडली तर ती केवढीशी वाजेल? आवाज मोठा होतो तो भोपळ्यामुळे. इथे तार म्हणजे वॉशर आणि भोपळा म्हणजे तुमची भिंत. पाइप भिंतीला घट्ट बसवलेला असतो, आणि पाइपमधलं पाणी ही थरथर लांबवर नेतं. म्हणून आवाज आमच्या टॉयलेटमध्ये सुरू व्हायचा आणि बाळाच्या उशाशी वाजायचा.

आवाज ओळखा, कारण सापडेल

सगळे आवाज एकाच कारणाने येत नाहीत. तुमचा कुठला ते आधी बघा.

१. 'घूंऽऽ' असा घुमणारा आवाज, टाकी भरत आल्यावर वाढणारा: बहुतेक वेळा फिल व्हॉल्व्हचा वॉशर. पाण्याचा दाब जास्त असेल तर आणखी जोरात.

२. बारीक शिट्टी, भरायला लागल्यापासून शेवटपर्यंत: पाण्याला वाट अरुंद आहे. अँगल कॉक अर्धवट उघडा असेल किंवा फिल्टरमध्ये कचरा अडकला असेल.

३. टाकी भरली की एकच 'धप्प': पाणी एकदम थांबल्याचा दणका. याला वॉटर हॅमर म्हणतात. पुढे सविस्तर बघू.

४. खडखड, टकटक: पाइपची क्लॅम्प सुटली आहे आणि पाइप भिंतीवर आपटतोय.

५. कोणी फ्लश न करताच मध्येच 'सूंऽऽ': टाकी गळतेय. पाणी हळूहळू कमी होतं, फ्लोट खाली येतो, व्हॉल्व्ह उघडतो.

६. फ्लश केल्यावर बाथरूमच्या जाळीतून 'गुडगुड': हा भरण्याचा आवाजच नाही. सांडपाण्याच्या पाइपमध्ये हवा नीट खेळत नसेल किंवा कुठे तुंबलं असेल तर असं होतं. टाकी उघडून उपयोग नाही.

आता मोबाईल काढा

पहिलं काम, आवाज रेकॉर्ड करा. फोन एकाच जागी ठेवा, बटण दाबल्यापासून टाकी भरेपर्यंत रेकॉर्डिंग चालू राहू द्या. आवाज कधी सुरू होतो, कधी वाढतो, कधी थांबतो याच्या वेळा लिहून ठेवा. 'रात्री कधीतरी येतो' यापेक्षा 'फ्लशनंतर पन्नासाव्या सेकंदाला सुरू होतो' ही माहिती खूप कामाची. प्लंबर बोलवायची वेळ आली तर तीच क्लिप त्याला ऐकवा. कारण प्लंबर आला की आवाज हमखास गायब होतो, हा निसर्गनियमच आहे.

दुसरं, आवाजाची फ्रिक्वेन्सी बघा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं 'फायफॉक्स' नावाचं मोफत अ‍ॅप आहे. त्यातल्या ऑडिओ स्पेक्ट्रममध्ये कुठल्या फ्रिक्वेन्सीला आवाज जास्त आहे ते आलेखात दिसतं.

आमच्या घरात याचा फायदा लगेच झाला. बाबांचं ठाम मत होतं की आवाज सोसायटीच्या पंपाचा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटरची गुणगुण साधारणपणे १०० हर्ट्झला दिसते आणि मोटर चालू असेपर्यंत जागची हलत नाही. आमच्या आवाजाचं टोक होतं १४० च्या आसपास, आणि टाकी भरत आली की ते सरकायचं. मोटर असं करत नाही. मिटत जाणारा व्हॉल्व्ह करतो. पंप निर्दोष सुटला.

तिसरं, झाकण काढून स्लो मोशन व्हिडिओ घ्या. टाकीचं झाकण चिनी मातीचं असेल तर दोन्ही हातांनी उचला आणि जमिनीवर कापडावर आडवं ठेवा. घुमण्याच्या वेळी फ्लोट किंवा त्याचा दांडा थरथरताना दिसला, तर चोर सापडलाच.

चार टेस्ट, एका वेळी एकच बदल

कोड असो की कमोड, नियम एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

टेस्ट १: घुमायला लागलं की फ्लोट बोटाने हलकेच वर उचला. आवाज लगेच बंद झाला? आता जरा खाली दाबा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की आवाज पुन्हा गेला? म्हणजे दोष फिल व्हॉल्व्हमध्येच आहे.

टेस्ट २: अँगल कॉक थोडा मिटवा. आवाज कमी झाला तर पाण्याचा जोर जास्त आहे. घुमणं जाऊन शिट्टी सुरू झाली तर आता कॉकच वाजतोय. आमच्याकडे हेच झालं. मी पाच मिनिटं विजयी चेहऱ्याने बसले होते, मग शिट्टी ऐकू आली.

टेस्ट ३: टाकी भरत असताना जवळचा दुसरा नळ पूर्ण उघडा. दाब विभागला जातो. आवाज गेला तर लाइनमधला दाब हे कारण, निदान अर्धं तरी.

टेस्ट ४: बाहेर दिसणारा पाइप हाताने घट्ट धरा. खडखड थांबली तर व्हॉल्व्हला हात लावू नका, क्लॅम्प घट्ट करा.

दाब किती आहे, याचा अंदाज घरबसल्या करता येतो. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब तयार होतो. आमची इमारत अकरा मजली, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, पाण्याची टाकी टेरेसवर. मधली उंची तीस मीटरच्या जवळपास, म्हणजे सुमारे ३ बार. वरच्या मजल्यावरचे लोक शॉवरला धार नाही म्हणून रडतात, आणि खालच्यांच्या टाक्या ओरडतात.

शेवटचा प्रश्न, जो प्रत्येक बगच्या वेळी विचारायचा: आवाज सुरू होण्याआधी काय बदललं होतं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागे गेले. बरोबर त्याच आठवड्यातली सूचना होती, 'टेरेसवरील पाइपलाइन बदलण्याचे काम असल्याने दुपारी पाणी बंद राहील.' नवी लाइन टाकताना पाइप कापतात, त्याचा भुसा लाइनमध्ये पडतो आणि पाण्याबरोबर खाली येतो. कुठे? आपल्या फिल्टरमध्ये.

साफसफाई कशी करायची?

हे काम अर्ध्या तासाचं आहे. पान्हा, जुना टूथब्रश, बादली, मग आणि फडकं घ्या. प्रत्येक पायरीला फोटो काढा. पुन्हा जोडताना तोच तुमचा बॅकअप.

१. अँगल कॉक घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करा. फ्लश करा आणि टाकीत नवीन पाणी येत नाही ना ते बघा. कॉक वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर जोर लावू नका, तुटला तर बाथरूमचं तळं होईल. त्याऐवजी बाथरूमचा किंवा घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. तो कुठे आहे हे काम सुरू करायच्या आधीच शोधून ठेवा.

२. खाली मग धरून कनेक्शन पाइप टाकीकडच्या बाजूने सोडवा. बऱ्याच व्हॉल्व्हच्या तोंडाशी छोटी प्लास्टिकची जाळी असते, तोच फिल्टर. चिमट्याने काढा आणि ब्रशने घासा. माझ्या जाळीत पांढरा प्लास्टिकचा भुसा आणि वाळूचे खडे निघाले.

३. पाइपचं मोकळं तोंड बादलीत धरा आणि अँगल कॉक दोन-तीन सेकंद उघडा. लाइनमधला उरलेला कचरा निघून जाईल.

४. व्हॉल्व्हची वरची टोपी काढा. बऱ्याच प्रकारांत ती फिरवली की निघते. आतला वॉशर बोटाने दाबून बघा. मऊ हवा. कडक, चिरलेला किंवा मधोमध खळगा पडलेला असेल तर तो गेलाय. त्याच्याजवळची बारीक छिद्रंही मोकळी करा. नव्या प्रकारच्या व्हॉल्व्हमध्ये ही छिद्रं बुजली तर पाणी बंदच होत नाही.

५. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने पांढरे क्षार साठले असतील तर मगभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व टाका आणि प्लास्टिकचे भाग अर्धा तास बुडवून ठेवा. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड अजिबात वापरू नका, धातूचे भाग खराब होतात.

६. जाळी परत बसवा. 'जाळीच काढून टाकतो, कटकट नको' असं करू नका, पुढचा कचरा थेट वॉशरखाली जाईल. प्लास्टिकचे नट हाताने घट्ट करा, वर फार तर पाव फेरा. जिथे रबरी वॉशर आहे तिथे टेफ्लॉन टेप लागत नाही.

७. अँगल कॉक हळूहळू उघडा. सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवा, ओला झाला तर गळतंय.

साफ करून माझं काम सत्तर टक्के झालं. आवाज कमी झाला, गेला नाही. वॉशरमध्ये एक खडा रुतून कायमचा खड्डा पडला होता. दुकानात सुटा वॉशर मिळाला नाही, अख्खा फिल व्हॉल्व्ह साडेतीनशे रुपयांना घ्यावा लागला. तुम्ही जाल तेव्हा जुना व्हॉल्व्ह किंवा त्याचा फोटो घेऊन जा. पाणी खालून येतं की बाजूने, आणि उंची किती, या दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. टाकी भिंतीच्या आत असेल तर बटणाची पट्टी काढून आत जाता येतं, पण तिथे जागा फार कमी असते. पहिल्यांदाच करत असाल तर प्लंबर बरा.

'धप्प' आवाजाला हलक्यात घेऊ नका

वाहतं पाणी झटक्यात अडवलं तर त्याचा सगळा जोर दाबाच्या लाटेत बदलतो. निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून याचं गणित १८९८ मध्ये मांडलं. पाण्याची घनता, पाइपमधला लाटेचा वेग आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे वाढलेला दाब. धातूच्या पाइपमध्ये लाट सेकंदाला साधारण १२०० मीटर जाते. पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत असेल आणि एकदम थांबलं, तर दाब सुमारे १२ बारने उडी मारतो. प्लास्टिकचा पाइप थोडा ताणला जातो, म्हणून तिथे उडी ४-५ बारची. पण घरातला नेहमीचा दाब १ ते ३ बार असतो हे लक्षात घ्या. दिवसातून वीस वेळा असा दणका बसला तर सांधे कधीतरी सुटणारच, आणि ते भिंतीच्या आत असतात.

उपाय: अँगल कॉक थोडा मिटवून प्रवाह कमी करा, सुटलेल्या क्लॅम्प घट्ट करा. तरीही आवाज आला तर प्लंबरकडून वॉटर हॅमर अरेस्टर बसवून घ्या. त्यात कोंडलेली हवा गादीसारखी दणका झेलते. खालच्या सगळ्याच मजल्यांवर त्रास असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो, पण तो सोसायटीच्या लाइनवर. मीटिंगमध्ये विषय काढा, रेकॉर्डिंग सोबत न्या.

गळती आहे का? दहा मिनिटांत कळेल

टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर फ्लश व्हॉल्व्हचं सील गळतंय.

किती पाणी जातं? अँगल कॉक बंद करा, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा, दहा मिनिटांनी बघा. समजा टाकी आतून ३५ गुणिले १५ सेंटिमीटर आहे आणि पाणी १ सेंटिमीटर उतरलं. म्हणजे ५२५ मिली. दिवसाला हे ७५ लिटरच्या वर जातं. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरून पाणीपुरवठ्याचं नियोजन करतात. म्हणजे अर्ध्या माणसाहून जास्त पाणी नुसतं कमोडमधून वाहतंय, आणि घरात प्रेशर पंप असेल तर तो रात्रभर चालू-बंद होतोय. टाकीत ब्लीचच्या गोळ्या टाकत असाल तर थांबवा. क्लोरीनमुळे रबरी सील लवकर खराब होतं.

प्लंबरला कधी बोलवायचं?

अँगल कॉक बंद होत नसेल, पाइप भिंतीच्या आत वाजत असेल, भिंतीवर ओल दिसत असेल, किंवा नवा व्हॉल्व्ह बसवूनही 'धप्प' येत असेल तर. फरक इतकाच की आता तुम्ही त्याला 'काहीतरी आवाज येतो' असं सांगणार नाही. कुठून, कधी, आणि काय केल्यावर थांबतो, हे सांगाल. अर्धं बिल तिथेच वाचतं.

नवा व्हॉल्व्ह बसवला त्या रात्री मी आजोबांच्या खोलीत पाण्याचा भरलेला तांब्या ठेवला आणि सांगितलं, "आज प्यायचं आणि फ्लशही करायचा. बाळ उठलं तर मी बघते."

सकाळी उठून बघितलं तर तांब्या रिकामा. विचारलं, "आजोबा, रात्री फ्लश केला होता का?"

म्हणाले, "दोनदा केला. अगं, आवाज आला नाही म्हणून दुसऱ्यांदा झाकण काढून बघितलं, पाणी भरतंय की नाही."